आमच्या घराला कायमची बंदी

धाकटीच्या लग्नाला त्या दिवशी साठएक घरांतली माणसं आपापल्या पडद्यांवरून हजर होती. बाहेर राहिलं होतं एकच घर, नवरीच्या आईचं. आणि तिला दाराबाहेर उभं केलं होतं नवरीच्या सख्ख्या भावानं, म्हणजे आमच्या ह्यांनी. वाईट हेतूनं नव्हे हो, अगदी चांगल्या हेतूनं. चांगल्या हेतूचा माणूस जेवढा घोळ घालतो तेवढा वाईट हेतूच्या माणसाला जन्मात जमायचा नाही. तो निदान भीत भीत वागतो.

हे वेबसाइट बनवतात. सकाळी माझा जप असतो तसा ह्यांचा संताप असतो. चहाचा कप हातात घेऊन आज कुठल्या कंपनीतली माहिती फुटली, कुणाकुणाचे पासवर्ड चोरीला गेले ते वाचायचं आणि घरातलं कुणी गेल्यासारखं हळहळायचं. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर ह्यांनी जखमेवर लावायची पट्टी चिकटवली आहे. सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्या कळवळून म्हणाल्या, "अरे, ह्याला कुठं लागलं?"

धाकटीचं लग्न दूरच्या शहरात, नोंदणी कार्यालयात व्हायचं होतं. सासूबाई जाणार होत्या. बॅग भरून दाराशी ठेवलेली, तीत काय ठेवलंय ते रोज काढून रोज परत ठेवायचं, असं चाललं होतं. आणि नेमक्या त्या स्टुलावरून पडल्या. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लॅस्टर. स्टुलावर कशाला चढल्या? तर छतावरचा ओला डाग पुसायला. डाग कुणामुळे? तर वरच्या मजल्यावरच्या कंडक्टरबाईंच्या न्हाणीघरामुळे.

ह्या बाई जन्मभर बसवर कंडक्टर होत्या, आता निवृत्त झाल्यात. त्या गळतीवरून आमच्या सासूबाईंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं त्याला वर्षं लोटली. जिन्यात दोघी समोरासमोर आल्या की सासूबाई भिंतीकडे तोंड करून उतरायच्या आणि कंडक्टरबाई बाजूला होत मुद्दाम मोठ्यानं म्हणायच्या, "आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या!" आता पाय मोडल्यावर तर काय, गळतीच्या खात्यात हाडही जमा झालं.

आई येऊ शकत नाही म्हटल्यावर धाकटीनं रडून घेतलं आणि मग म्हणाली, "दादा, लग्न सगळ्यांना घरबसल्या दाखवू या. सगळे वापरतात तेच घेऊ. एक लिंक पाठवली की झालं. सगळं ढगात असतं."

"ढगात?" ह्यांनी कप खाली ठेवला. हे कप खाली ठेवतात तेव्हा मी गॅस बारीक करते, कारण वेळ लागणार असतो. "बाळ, ढगबिग काही नसतं. ते दुसऱ्याचं कॉम्प्युटर असतं. आणि तो दुसरा आपला मामा नसतो."

"मामानं तरी काय दिवे लावलेत?"

"तुझं लग्न कुठल्यातरी कंपनीच्या गोदामात जाऊन पडेल. कोण हसलं, कोण रडलं, सगळ्याची नोंद होईल. दुसऱ्या दिवसापासून तुला पाळण्यांच्या जाहिराती दिसायला लागतील."

"मग दिसू देत! तुझं काय जातंय?"

"मी लिहितो," हे म्हणाले. "आपलं स्वतःचं. आणि उघडं लिहितो."

उघडं म्हणजे काय, ते मला लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी कळलं. प्रोग्रॅम लिहायचा आणि आतली सगळी वीण जगापुढे ठेवायची. ज्याला हवा त्यानं न्यावा, वापरावा, त्यात चूक दिसली तर सांगावी, जमलं तर दुरुस्त करून द्यावी. पैसा नाही, परवानगी नाही. सासूबाईंना हे कधीच झेपलं नाही. "राबून केलेलं फुकट वाटायचं आणि वर चुका काढायला गावाला बोलवायचं? अरे, ह्याला धंदा म्हणतात की सासुरवास?"

"आई, कुलूप कसं घडवलंय ते खुशाल सगळ्यांना दाखवावं. किल्ली तेवढी आपल्यापाशी. ज्या कुलपाची घडण लपवावी लागते ते कुलूपच कच्चं."

मला हे मनापासून पटतं. वाटल्यानं जे कमी होत नाही ते वाटूनच टाकावं, त्यात देवाचा हात असतो. ह्यांच्या प्रोग्रॅमला हात लावणारी माणसं कुठं कुठं आहेत! त्यांनी एकमेकांची तोंडं पाहिलेली नाहीत, खरी नावंही माहीत नाहीत. कुणी स्वतःला वादळ म्हणवतं, कुणी बटाटा. त्यातला एक कासव. हा कासव फार शांत माणूस असावा. ह्यांनी लग्नाचा प्रोग्रॅम उघडा करून ठेवला तेव्हा त्यानं लिहिलं, "एका घरून तीन वेळा परवलीचे शब्द चुकले की त्या घराला कायमची बंदी, हे जरा फार होतं. पाहुण्यांत म्हातारी माणसं असतील, त्यांची बोटं थरथरतात. एखादं मागचं दार ठेवा."

ह्यांनी उत्तर दिलं, "चोराचीही बोटं थरथरतात." आणि तो विषय बंद करून टाकला. ते उत्तर मला वाचूनही दाखवलं, दोनदा.

तर बंदोबस्त असा होता. प्रत्येक माणसाला चार शब्द. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही असे, म्हणजे कुणाला ओळखता येऊ नयेत. सासूबाईंचे होते बादली, वटवाघूळ, मनगट, सोमवार. त्या ते येता-जाता घोकायच्या. परवा डॉक्टर प्लॅस्टर तपासायला आले तर त्यांनी नाव विचारल्यावर ह्या म्हणाल्या, "बादली." लग्न दाखवणारी पेटी ह्यांनी स्वतः जोडली होती, विटेएवढी, ना पडदा ना बटणं. ती धाकटीच्या कपड्यांत गुंडाळून तिकडे गेली. आणि त्या पेटीत मालक म्हणून शिरायचं तर ते फक्त आमच्या घरच्या इंटरनेटवरूनच. दुसरीकडून कुणी मालक होऊ पाहिलं तर ती दारच उघडत नाही. म्हणून तर हे बहिणीच्या लग्नाला न जाता घरी थांबले. "कंट्रोल रूममध्ये कुणीतरी लागतं," असं म्हणाले. कंट्रोल रूम म्हणजे आमचं जेवणाचं टेबल.

लग्नाच्या दिवशी सकाळी सासूबाईंनी ठेवणीतले कपडे घातले, केस विंचरून घेतले, प्लॅस्टरसुद्धा ओल्या फडक्यानं पुसून घेतलं. टीव्ही लॅपटॉपला जोडला होता. त्यावर पांढऱ्या पडद्यावर चार रिकाम्या चौकटी.

"हं आई, टाक तुझे शब्द. माझ्या देखत, शांतपणे."

त्यांनी एका बोटानं एकेक अक्षर शोधून चारही शब्द टाकले. टीव्हीवर लाल अक्षरं आली. चुकलं.

"तू काहीतरी गडबड केलीस."

"मी? ते वटवाघूळ माझ्या स्वप्नात येतं रे!"

"अगं, तू तुझे टाक बघू," हे मला म्हणाले. मी देवाचं नाव घेऊन टाकले. चुकलं.

"व्हा दोघी बाजूला." ह्यांनी खुर्ची ओढली, बाह्या सरसावल्या आणि स्वतःचे चार शब्द दहाही बोटांनी असे वाजवले की बघत राहावं.

टीव्हीवर मोठी चौकट आली. "या घराला कायमची बंदी करण्यात आली आहे. आपल्या सहकार्याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत."

आम्ही तिघंही ते वाचत राहिलो.

"आभार कुणी लिहिलेत?" सासूबाईंनी विचारलं.

"मीच," हे म्हणाले. "सौजन्य असावं म्हणून." आणि मग ह्यांचा चेहरा दूध उतू जाताना दिसल्यावर होतो तसा झाला. "अगं... शब्द मी बदलले. आज पहाटे. परवलीचे शब्द शिळे ठेवू नयेत म्हणून."

"कुणाला सांगितलेस नवे?"

"सगळ्यांना. धाकटीच्या यादीवरून आपोआप मेल गेले."

"मग आम्ही सगळ्यांत नाही वाटतं?"

"घरच्यांना लेखी पाठवायचे नव्हते. घरातलं गुपित तोंडीच बरं. कानात सांगणार होतो." हे माझ्याकडे वळले. "तुझ्याकडे आलोसुद्धा होतो."

खरं होतं ते. जप पुरा होईपर्यंत मी बोलत नाही आणि कुणाचं ऐकतही नाही, हे घरात सगळ्यांना माहीत. डोळे मिटलेले असताना मला कानाशी दाढीच्या साबणाचा वास आला होता. मग तो गेला. बिचारे अदबीनं परत फिरले, तेवढ्यात धाकटीचा फोन आला आणि शब्द ह्यांच्या डोक्यातून जे गेले ते गेलेच. दोष द्यायचा तर कुणाला द्यावा? माझ्या देवाला की ह्यांच्या अदबीला?

"बरं, मग आता उघड," सासूबाई म्हणाल्या. "मालक ना तू?"

ह्यांनी बोटं उचलली आणि हवेतच ठेवली. मालकाला आत जायचं तर आमच्या घरूनच. आणि आमच्या घराला बंदी.

मी म्हटलं, "तो इंटरनेटचा डबा बंद करून परत लावून बघा ना. मागे तुम्हीच म्हणाला होता, त्यानं घराचा इंटरनेटवरचा पत्ता बदलतो."

"इतरांचा बदलतो. मी कंपनीला जादा पैसे भरून कायमचा पत्ता घेतलाय. सुरक्षेसाठी."

पुढची काही मिनिटं ह्यांनी स्वतःच्या कुलपावर काय काय करून पाहिलं! खिडकी म्हणून नव्हती, फट म्हणून नव्हती. शेवटी खुर्चीत मागं रेलून हे म्हणाले, "बघितलंत? मी स्वतः लिहिलंय आणि मला स्वतःला फोडता येत नाही!" आणि खरं सांगते, आवाजात अभिमान होता. तान्ह्या पोरानं गालफडात मारावी आणि बापानं हाताची ताकद बघून खूश व्हावं, तसा.

"शाब्बास रे माझ्या वाघा," सासूबाई म्हणाल्या. "आईला बाहेर काढलंस आणि स्वतःही बाहेर. आता कडी कोण काढणार?"

इतक्यात स्वयंपाकघरात फोन वाजला. ह्यांनी सुरक्षेसाठी घरात सगळ्यांना बटणांचे साधे फोन दिलेत, आणि आमची इमारत टेकडीच्या पोटाशी आहे. मोबाइलवर चित्र दिसणं लांबच राहिलं, बोलणंसुद्धा फक्त त्या एका खिडकीतून डोकं बाहेर काढून होतं. मी डोकं बाहेर काढलं.

"वहिनी, आई कुठाय?" धाकटी. मागं माणसांचा कालवा. "इथं भिंतीवर सगळे दिसताहेत. आत्या दिसतेय, आत्याचं मांजर दिसतंय. आईची चौकट काळी आहे."

"येतेय हं, जरासा खोळंबा झालाय."

"दादानं काय केलं?"

मी खोटं बोलत नाही, म्हणून गप्प राहिले. ते तिला पुरलं.

"वहिनी, आमच्यापुढे दोन जोडपी आहेत. मी सांगून ठेवते, आई दिसल्याशिवाय मी सही करणार नाही."

"असं नको गं म्हणू. साहेब थांबतील का?"

"साहेब शिंकायलाही थांबत नाहीत. नंबर गेला तर गेला. परवा ह्याची बोट सुटते, मग सहा महिने समुद्र. तरी मी करणार नाही सही. आईनं माझ्या शाळेच्या दाखल्यापासून प्रत्येक सही बघितलीय."

मग होणारे जावई फोनवर आले. बोटीवर इंजिनात काम करतात, त्यामुळे कुठलंही यंत्र बघितलं की त्यांचे हात शिवशिवतात. "वहिनी, ती वीट मी बंद करून चालू करू का? बोटीत आम्ही तेच करतो."

"हात लावू नका!" हे माझ्या खांद्यावरून, खिडकीबाहेर ओरडले. समोरच्या फांदीवरचा कावळा उडाला. "सगळेच पाहुणे बाहेर फेकले जातील! आणि बंदी तरीही राहील!"

मी सासूबाईंजवळ येऊन बसले. त्या बंद पडद्याकडे बघत विंचरलेले केस पुन्हा हातानं चापून बसवत होत्या. इतका वेळ मला सगळ्याचं हसू येत होतं, ते तिथं विरलं. मी मनातल्या मनात म्हटलं, देवा, ह्यांच्या कुलपाला नाही तर नाही, पण कुणाला तरी बुद्धी दे.

ह्यांनी तोवर आपल्या उघड्या मंडळींना हाक घातली होती. इंटरनेट चालूच होतं, बंदी होती ती फक्त लग्नाच्या पेटीवर. सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, "घर कायमचं बंद झालंय. मालकही आतच अडकलाय, म्हणजे बाहेर. नवरी सहीला थांबलीय. मदत!" आणि काय सांगू, माणसं कुठून कुठून धावून आली! वादळानं विचारलं कुठली आवृत्ती. बटाट्यानं लिहिलं, "सूचना नीट वाचाव्यात, सगळं सविस्तर दिलेलं आहे." त्या सूचना ह्यांनीच लिहिलेल्या. एकानं नुसतंच "नवरीला अनेक शुभेच्छा" लिहून टाकलं. एकानं दोन पानांचा उपाय दिला, तो हे वाचत बसले, आणि शेवटी त्यानं लिहिलं होतं की हे करायला मालक म्हणून आत असणं आवश्यक आहे.

मग कासव आला.

"मी सांगितलं होतं, असं म्हणणार नाही," त्यानं लिहिलं. ही माणसं असं म्हणूनच म्हणतात. "पण बंदी घराला आहे, आईला नाही. तुम्हाला शेजारी नाहीत का?"

ह्यांनी ते मोठ्यानं वाचलं. खालच्या मजल्यावर कागदाचं गोदाम, त्याला कुलूप. समोरचे दोघंही कामावर. आम्ही तिघांनी एकदमच मान वर केली. छतावर तो डाग होता. आणि डागाच्या वर चपला वाजत होत्या. फट, फट, फट.

"नाही," सासूबाई म्हणाल्या.

"आई..."

"त्या घराची पायरी मी चढणार नाही. मेले तरी."

नेमाचं मला थोडंफार कळतं. नेम मोडायचा नसतो, पण नेम नक्की काय केलाय ते तरी नीट बघावं. मी त्यांच्या गुडघ्याशी बसून हळूच म्हटलं, "आई, तुम्ही कुठं चढणार आहात? आम्ही उचलून नेणार."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पदराआड हसू लपवावं तशी मान फिरवली आणि म्हणाल्या, "खुर्ची ती नको. तिचा पाय डुगडुगतो."

मागून ह्यांनी धरलं, पुढून मी, आणि प्लॅस्टरचा पाय माझ्या खांद्यावरून तोफेसारखा पुढं. लॅपटॉप ह्यांनी काखोटीला मारला होता, कशाला ते देवाला ठाऊक. पहिल्या सात-आठ पायऱ्या ठीक गेल्या. मग जिन्याचं वळण आलं. आम्ही वळलो, खुर्ची वळली, पाय काही वळेना. तो सरळ जाऊन भिंतीला टेकला.

"मागं घ्या!"

"मागं कुठं घेऊ, मागं मी आहे!"

"अरे, मला मध्येच सोडू नका रे मेल्यांनो!"

वर दार उघडलं. "कोण गोंधळ घालतंय जिन्यात?" आणि कंडक्टरबाई कठड्यावरून वाकल्या. त्यांनी आमच्याकडे, खुर्चीकडे, पायाकडे बघितलं. सासूबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले. डोळे मिटले की समोरची बाई नसते, असा त्यांचा हिशेब असावा.

"थांबा! कुणी हलायचं नाही!" कंडक्टरबाई चपला फटफटत खाली आल्या. काय तो आवाज! जिन्यातली धूळसुद्धा रांगेत उभी राहिली असती. "खिडकी उघडा. पूर्ण. आता पाय बाहेर काढा."

"कुठं बाहेर?" मी विचारलं.

"खिडकीतून! जन्मभर गर्दी वळवलीय मी. हं, सावकाश. मागचे, डावीकडे दाबा. आणखी. पुढची बाई, खाली वाक."

सासूबाईंचा प्लॅस्टरचा पाय जिन्याच्या खिडकीतून रस्त्यावर डोकावला. खालून कुणीतरी ओरडलं, "अहो, काय टाकताय खाली?" खुर्ची गोल फिरली, पाय पुन्हा आत आला, आणि कंडक्टरबाईंनी स्वतः एका बाजूनं खुर्ची उचलली. "चला, वर सरका! मध्ये थांबू नका!" सासूबाईंनी डोळे काही उघडले नाहीत. पण घाबरून एका हातानं त्यांनी कंडक्टरबाईंचं मनगट धरलं होतं ते वरपर्यंत सोडलं नाही. ते कुणाचं मनगट, हे कदाचित त्यांना मिटल्या डोळ्यांनी कळलं नसेल.

दारातून आत शिरलो आणि हे थबकले. समोरच्या मोठ्या टीव्हीवर लग्नच चालू होतं! नोंदणी कार्यालयाचं दालन, लाकडी टेबल, टेबलामागे कपाळाला आठ्या घातलेले साहेब, बाकावर धाकटी. आणि परवलीचे चार नवे शब्द एका कागदावर ठसठशीत लिहून टीव्हीच्या चौकटीवरच चिकटवलेले.

"तुम्हाला बोलावणं होतं?" ह्यांनी विचारलं.

"मला नाही तर कुणाला? पोरगी शाळेला निघायला रोज उशीर करायची. घंटीची दोरी न ओढता बस उभी करून ठेवायचे मी. सगळी बस मला शिव्या घालायची. आता लग्नाला बोलावणार नाही होय?"

सासूबाईंनी डोळे उघडले. हे त्यांना कधीच माहीत नव्हतं. मुलगी रोज वेळेवर शाळेत पोचते, ते आपल्या ओरड्यामुळे, असं त्या सगळ्यांना अभिमानानं सांगत आल्या होत्या.

कंडक्टरबाईंच्या टीव्हीसमोर कॅमेरा होता. तिकडे कार्यालयाच्या भिंतीवर त्यांची चौकट म्हणजे इतका वेळ एक रिकामा सोफा दिसत होता. आता त्या चौकटीत डावीकडून आधी एक प्लॅस्टरचा पंजा आला. मग पोटरी. मग गुडघा. साठ घरांतली माणसं श्वास रोखून तो पाय आत येताना बघत होती. आत्या म्हणाली, "अगंबाई, हे काय येतंय?" आत्याचं मांजर पळालं. आणि पायामागून अख्ख्या सासूबाई आल्या.

"आई!" धाकटी बाकावरून उठून उभी राहिली. साहेब म्हणाले, "पुढचं जोडपं." ती म्हणाली, "आम्हीच की! आलो!"

इकडे ह्यांनी सवयीनं लॅपटॉप उघडला होता. "बाई, तुमच्या वायफायला पासवर्डच नाही?"

"कशाला हवा? जागा असली तर बसू द्यावं माणसाला."

"अहो, पण कुणीही येऊन तुमचं—"

"गप रे," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या कुलपानं आई बाहेर राहिली. हिच्या उघड्या दारानं आत आली. आज एक दिवस तोंड मिट."

ह्यांनी लॅपटॉप मिटला. लग्न झाल्यापासून मी ह्यांना इतक्या चटकन लॅपटॉप मिटताना बघितलं नव्हतं.

तिकडे साहेबांनी कागद पुढं सरकवला. आणि सासूबाई एकदम खुर्चीत चुळबुळल्या. "मला काही दिसत नाही. सगळं धूसर झालंय."

"रडताय तुम्ही आई, डोळे पुसा."

"रडत नाही गं! चष्मा! चष्मा खाली टेबलावर राहिला!"

हे उठले ते जिन्यावरून धाडधाड खाली पळाले. पण साहेब शिंकायला थांबत नाहीत, ते चष्म्याला कुठले थांबायला! धाकटी टेबलाशी आली होती. कंडक्टरबाईंनी एकदा टीव्हीकडे बघितलं, एकदा सासूबाईंकडे. मग स्वतःच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि सासूबाईंच्या नाकावर चढवला.

सासूबाई दचकल्या. मग पुढं झुकल्या. त्यांना दिसत होतं.

आता कंडक्टरबाईंना दिसेना. त्या सोफ्याच्या काठावर बसून डोळे बारीक करून टीव्हीच्या उजेडाकडे बघत राहिल्या. "झाली का सही? कुणीतरी सांगा की. झाली?"

मी सांगायला तोंड उघडलंच होतं. पण त्याआधी सासूबाई बोलल्या. टीव्हीवरची नजर न काढता, घसा साफ करून.

"पेन घेतलंय हातात."

कंडक्टरबाईंनी मान आवाजाच्या दिशेला वळवली. "बरं. मग?"

"केस मोकळे सोडलेत. सांगितलं होतं बांध म्हणून."

"असू दे हो. गोड दिसत असेल."

"दिसतेय." सासूबाईंनी नाक ओढलं. "इकडे बघतेय. माझ्याकडे. ...हां, वाकली आता. लिहितेय. जीभ बाहेर काढून लिहितेय, लहानपणी काढायची तशी."

"बसमध्येसुद्धा! खिडकीच्या काचेवर बोटानं नाव लिहायची, तेव्हाही जीभ बाहेर. आणि तो? तो काय करतोय?"

"रडतोय मेला. इंजिनवाला आणि रडतोय."

"म्हणजे चांगला आहे."

"चांगला आहे," सासूबाई म्हणाल्या. "आता त्याची सही. ह्याला पेनच सापडत नाही. खिशात बघतोय. अरे, टेबलावर आहे ते! टेबलावर!" त्या टीव्हीवर ओरडल्या आणि साठ घरांतली माणसंही ओरडायला लागली, कारण पेन सगळ्यांना दिसत होतं, एकट्या नवरदेवाला सोडून.

हे धापा टाकत दारात उभे राहिले, हातात आईचा चष्मा. मी ओठांवर बोट ठेवलं. ह्यांनी आधी सासूबाईंकडे पाहिलं, मग कंडक्टरबाईंकडे, आणि चष्मा मुठीत धरून हळूच उंबऱ्यावर बसले.

"मग? सापडलं का?" कंडक्टरबाई विचारत होत्या. "अहो, सांगा ना, मध्येच थांबू नका."

"सांगते, सांगते." सासूबाईंनी हात लांब करून सोफ्याची आपल्या खुर्चीलगतची जागा त्यांच्यासाठी थोपटली. "जरा इकडे सरका आधी. तुम्हाला ऐकू जाईल असं सांगते."